आपोआप उघडणारे दार

घराच्या सर्व अवयवांमध्ये दाराचा मान आपल्याकडे फार मोठा. वास्तुपुरुषाच्या मंडलात ज्या देवतांस स्थान दिले आहे, त्यांत दौवारिक म्हणून एक स्वतंत्र देवता आहे. कौटिल्याने राज्यातील जी अठरा तीर्थे, म्हणजे प्रमुख अधिकारी, सांगितले त्यांतही मंत्री, पुरोहित व सेनापती यांच्या पंक्तीस दौवारिक बसलेला आहे. पुण्यात थोरल्या बाजीरावसाहेबांनी १७३० साली शनिवारवाड्याचे काम आरंभिले व १७३२ साली ते पुरे झाले. त्याचा उत्तरेकडील दिल्ली दरवाजा आजही पाहावयास मिळतो. हत्तीने धडक देऊ नये म्हणून त्यावर अणकुचीदार खिळे ठोकलेले आहेत, आणि एरवीच्या येण्याजाण्यास त्या प्रचंड फळीतच एक लहानशी दिंडी ठेविली आहे. आमच्या मते त्या दाराचे खरे बळ फळीत किंवा खिळ्यांत नव्हते. ते देवडीवर रात्रंदिवस जागणाऱ्या माणसात होते. साध्या वाड्यांतूनही रात्री सर्वांत शेवटी निजणाऱ्याने अडसर सारून कडी पाहावयाची, हा घराचा अलिखित नियम असे.

सांप्रत पुण्यातील वाडे बहुतेक गेले. त्यांच्या जागी इमारती आल्या, तळमजल्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या, आणि बाणेर-औंधापासून कोथरूड-सहकारनगरापर्यंत अनेक बंगल्यांस व सोसायट्यांस बटण दाबताच सरकणारे गेट किंवा आपोआप गुंडाळले जाणारे शटर बसले. मोटारीतून न उतरता भर पावसात घरात शिरता येते, हे सुख लहान नव्हे. मात्र एका वाचकभगिनींनी आम्हांस जो प्रश्न विचारला तो विचार करण्यासारखा आहे. त्या लिहितात, 'आमच्याकडे हे दार बसून चार वर्षे झाली. बिघडले म्हणजे माणूस येऊन दुरुस्त करून जातो. परंतु बिघडण्यापूर्वी घरच्या माणसांनी काय पाहावे, हे आम्हांस कोणीच सांगितलेले नाही. रिमोटमधील सेल संपला की तोही आम्ही कुठेतरी टाकून देतो. ह्यात काही चुकते काय?' ह्या प्रश्नास सविस्तर उत्तर देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आपोआप हालणाऱ्या दाराची हौस आजची नव्हे. अलेक्झांड्रिया येथील हेरॉन नामक यंत्रज्ञाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका देवळाच्या दारांची योजना वर्णिली आहे. वेदीवर अग्नी पेटविला की खालच्या बंद पात्रातील हवा तापून प्रसरण पावे, ती पाण्यास दुसऱ्या भांड्यात ढकली, आणि भांड्याच्या वाढलेल्या भाराने दारे उघडत. आपल्याकडे धारच्या भोजराजाच्या समराङ्गणसूत्रधार ह्या अकराव्या शतकातील ग्रंथात यंत्रविधानाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात दाराशी उभा राहून आगंतुकास अडविणारा लाकडी यांत्रिक द्वारपालही आढळतो. अलीकडच्या काळात अमेरिकेत सी. जी. जॉन्सन याने १९२१ साली मोटारखान्याचे वर उचलले जाणारे दार तयार केले व १९२६ साली ते विजेने उघडण्याची युक्ती काढिली. आपल्याकडील आजची दारे ह्याच कुळातील होत.

ह्या सर्व यंत्रांनी दार ओढण्याचे श्रम वाचविले, परंतु दाराकडे पाहण्याचे काम कोणत्याही यंत्राने आपल्या शिरावर घेतलेले नाही. वैकुंठीचे जय-विजय यांनी सनकादिक ऋषींस न ओळखता अडविले व त्याचे फळ भोगिले. आपले यंत्र त्याहूनही अज्ञ आहे. समोर मोटार आहे, खोके आहे की रांगणारे मूल आहे, हे त्यास कळत नाही. जे कळते ते त्यास जोडलेल्या एक-दोन साधनांपुरतेच, आणि ती साधने धुळीने आंधळी झाली तर तेवढेही कळत नाही. पूर्वी दार हाताने ओढावे लागे, म्हणून ते जड झाले, कुरकुरू लागले, एका बाजूस झुकले, तर हातास तत्काळ समजे. आता हाताचा स्पर्शच होत नसल्याने दाराचे दुखणे लपून राहते. मोटर बिचारी ओढीत राहते, आणि एके दिवशी काहीतरी तुटते.

प्रथम भाराचा विचार करू. सरकणारे लोखंडी गेट पुष्कळदा दोन-चारशे किलोचे असते. ते खाली चाकांवर व वर मार्गदर्शक रोलरांच्या आधारावर उभे असते. ते आपल्या वाटेच्या पलीकडे जाऊ नये म्हणून दोन्ही टोकांस भक्कम अडथळे, म्हणजे स्टॉपर, असावे लागतात. त्यांपैकी एक निखळला किंवा वरचा रोलर झिजून बाजूस झाला, तर तेवढे मोठे धूड आडवे पडण्यास लहान मुलाचा धक्काही पुरतो. २०२४ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस पिंपरी-चिंचवडमधील बोपखेल येथे मुले खेळत असता असेच एक सरकते लोखंडी गेट कोसळले व त्याखाली सापडून तीन-चार वर्षांची एक मुलगी दगावली. तेथे विजेचा किंवा बटणाचा संबंध नव्हता, निव्वळ भाराने घात केला. ज्या गेटास मोटर बसविली आहे तेथे तर हा भार रोज अनेकदा, आणि बहुधा कोणी पाहत नसता, पुढेमागे होत असतो.

यास्तव महिन्यातून एकदा गेट पूर्ण उघडावे, पूर्ण मिटावे आणि दोन्ही स्थितींत ते कोठे थांबते ते पाहावे. मोटरीस थांबविणारा लिमिट स्विच हा खरा अडथळा नव्हे. तो बिघडला तरी गेट अडले पाहिजे, आणि ते काम जमिनीत वा खांबात पक्क्या बसविलेल्या लोखंडी स्टॉपरचे आहे. वरच्या रोलरांचे बोल्ट ढिले झाले आहेत काय, चाके रुळावर सरळ बसतात काय, चालताना गेट डुलते काय, हे नुसत्या डोळ्यांनी कळते. जोडणीतील भेग व गंज पावसाळ्यानंतर विशेष पाहावा. काही शंका आली तर त्या दिवसापासून गेट चालविणे बंद ठेवावे, मुलांस त्याच्या बाजूस जाऊ देऊ नये, व कारागीर येईपर्यंत दिंडीनेच ये-जा करावी. गेटावर उभे राहून झोके घेण्याचा मुलांचा खेळ आपण कौतुकाने पाहतो. तो खेळ आजपासून बंद करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट सेन्सरची. गेटाच्या दोन्ही खांबांवर समोरासमोर दोन लहान डोळे बसविलेले असतात. एकातून अदृश्य किरण निघतो, दुसरा तो ग्रहण करितो. मध्ये काही आले की किरण तुटतो व दार थांबून मागे फिरते. अमेरिकेत मोटारखान्याच्या दाराखाली सापडून मुले दगावू लागल्यावर १९९० साली कायदा झाला. त्यान्वये १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या घरगुती दारयंत्रांस असा डोळा किंवा तत्सम साधन सक्तीचे करण्यात आले. तेथील नियमाप्रमाणे हे डोळे जमिनीपासून सहा इंचांहून उंच नसावेत, कारण रांगणाऱ्या मुलाचे शरीर तेवढ्याच उंचीवर असते. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी ते मोटारीच्या उंचीचा विचार करून कमरेएवढे वर बसविलेले आम्ही पाहतो. अशा डोळ्यांस मोटार दिसते, पण रांगणारे मूल दिसत नाही. ज्या घरी लहान मुले आहेत तेथे खाली आणखी एक जोडी बसवून घ्यावी.

ह्या डोळ्यांची परीक्षा सोपी आहे. दार मिटू लागले की दूर उभे राहून झाडूचा लांब दांडा किरणाच्या आड धरावा. दार लगेच थांबून परतले पाहिजे. नंतर दाराच्या वाटेत एक रिकामे पुठ्ठ्याचे खोके ठेवून तोच प्रयोग करावा. वरून खाली येणाऱ्या दाराखाली दीड इंच जाडीचा लाकडी तुकडा आडवा ठेवावा. त्यास टेकताच दार उलट वर गेले पाहिजे. ही परीक्षा हात किंवा पाय मध्ये घालून कधीही करू नये, हे सांगावयास नको. डोळ्यांच्या काचांवर कोळ्याचे जाळे, धूळ व पावसाचे शिंतोडे बसतात. त्या मऊ कोरड्या फडक्याने पुसाव्यात. कित्येक शटरांस असा डोळा बसविलेलाच नसतो. अशा ठिकाणी दार दृष्टीसमोर असेल तेव्हाच बटण दाबावे आणि ते पूर्ण मिटेपर्यंत तेथून हलू नये. वळणावरूनच बटण दाबून मोटार पुढे नेण्याची सवय फार वाईट.

येथे एका चुकीच्या उपचाराविषयी लिहिणे अवश्य आहे. चाके कोरडी पडली किंवा रुळात खडे अडकले म्हणजे गेट मध्येच थांबू लागते. मग कोणी तरी यंत्राच्या पेटीतील जोर वाढवून देतो, आणि सर्वांस वाटते, दार सुधारले. वस्तुतः अडथळा लागताच थांबावे म्हणून जी मर्यादा घातली होती तीच आपण काढून टाकिली. तापाचे कारण न शोधता तापमापक फोडण्यासारखे हे झाले. दार अडले तर आधी रूळ झाडावा, चाके पाहावीत, आणि वीज बंद करून व यंत्र मोकळे करून गेट हाताने ढकलून पाहावे. हातास जड लागले तर दोष दाराचा, हलके लागले तर दोष यंत्राचा, एवढे निदान गृहिणीही सहज करू शकते.

वर उचलल्या जाणाऱ्या दारांचा व शटरांचा भार स्प्रिंगांनी तोललेला असतो. यंत्र मोकळे करून असे दार अर्ध्यापर्यंत उचलून सोडावे. पाटे असलेले दार तेथेच स्थिर राहिले तर तोल ठीक, धाडकन खाली येऊ लागले तर स्प्रिंग दुबळी झाली असे समजावे. ही परीक्षा दोन सशक्त माणसांनी, पाय दूर ठेवून करावी. परंतु स्प्रिंग स्वतः घट्ट किंवा ढिली करण्याचा उद्योग कोणीही करू नये. पिळलेल्या पोलादात इतकी शक्ती कोंडलेली असते की पाना निसटला तर हाताचे हाड मोडते. ते काम शिकलेल्या कारागिराचेच आहे. तो आला म्हणजे घरातील कर्त्याने जवळ उभे राहून त्याने काय बदलले ते लिहून ठेवावे.

तेलपाण्याविषयी थोडक्यात. जमिनीवरील रुळास ग्रीस लावू नये. त्यावर धूळ व वाळू चिकटून तिची कानस बनते. रूळ नुसता झाडून कोरडा ठेवावा. बिजागऱ्या, रोलरांचे कणे व साखळी यांस हलके तेल पुरे. ज्या गेटास दातेरी पट्टी व तिच्यात फिरणारे दातेरी चाक आहे, तेथे त्या दोहोंत बोट जाईल एवढी जागाही उघडी असू नये. पत्र्याचे आवरण निघाले असल्यास बसवून घ्यावे. दोन पाखे आत उघडणाऱ्या गेटाच्या बिजागरीकडील फटीसही हेच लागू आहे.

आता वीज आणि पाऊस. आपल्या दाराचे यंत्र बहुधा अंगणात, जमिनीलगत असते, आणि पुण्याचा पाऊस अलीकडे थोड्या वेळात फार पडतो. २५ जुलै २०२४ रोजी शहरात पुराचे पाणी चढले असता डेक्कन जिमखान्याजवळील पुलाची वाडी येथे तीन जणांचा विजेच्या धक्क्याने अंत झाला, हे वाचकांच्या स्मरणात असेल. गेट हे लोखंडाचे असते व त्यास ओल्या हाताने सर्वच स्पर्श करितात. म्हणून त्याच्या वायरीस स्वतंत्र स्विच, उत्तम अर्थिंग व गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी असलाच पाहिजे. घराच्या रक्षणासाठी तीस मिलिअँपियरचा बसवितात. त्यावर एक परीक्षेचे बटण असते, ते दाबताच वीज गेली नाही तर तो निरुपयोगी समजावा. अंगणात पाणी साचू लागले की गेटाची वीज आतून बंद करावी व पाण्यात उभे राहून गेटास हात लावू नये. यंत्राच्या पेटीत पाली व मुंग्या शिरून बिघाड करितात, तेव्हा वायरीची भोके नीट बुजवून घ्यावीत.

वीज गेली म्हणजे दार हाताने उघडण्याची किल्ली किंवा दोरी प्रत्येक यंत्रास असते. ती कोठे आहे, हे घरातील किती जणांस ठाऊक असते? अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात २०१७ च्या वणव्यांत वीज गेल्यामुळे कित्येकांस मोटारखान्याचे दार उघडता आले नाही. त्यावरून तेथे कायदा होऊन १ जुलै २०१९ पासून नव्या दारयंत्रांस राखीव बॅटरी आवश्यक ठरली. आपल्याकडे आगीचा बंब किंवा रुग्णवाहिका आत यावयाची असता वीज गेलेली असणे मुळीच अशक्य नाही. यास्तव किल्ली एका ठरलेल्या खुंटीवर असावी आणि घरातील प्रत्येक मोठ्या माणसाने एकदा तरी दिवसाउजेडी दार हाताने उघडून पाहिलेले असावे. यंत्रास राखीव बॅटरी असेल तर वर्षातून दोनदा मुख्य वीज बंद करून ती दार ओढते की नाही हे पाहावे. ती फुगली, गळू लागली किंवा तापू लागली तर घरी उघडू नये.

येथवर मोठ्या वस्तूंचा विचार झाला. पण ह्या सर्व सरंजामात ज्या वस्तूस आम्ही अधिक भितो ती एक रुपयाच्या नाण्याएवढी आहे. रिमोटमध्ये बहुधा सीआर २०३२ असे लिहिलेली चपटी चकती असते. ह्या आकड्यांचा अर्थ साधा आहे : व्यास वीस मिलिमीटर आणि जाडी तीन पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर. तिचा दाब तीन व्होल्ट असतो. लहान मुलाने ती गिळली तर ती बरोबर अन्ननलिकेत अडकण्याच्या मापाची ठरते. तेथे ओलाव्याने तिची दोन टोके जोडली जाऊन वीज वाहू लागते. त्या विजेने ऋण बाजूस तीव्र अल्कली, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारखा दाहक पदार्थ, उत्पन्न होतो व तो मांस जाळीत जातो. सेल फुटावा किंवा गळावा लागत नाही, नुसता अडकला म्हणजे पुरे. अवघ्या दोन तासांत गंभीर भाजणी होऊ शकते. आणि रिमोट चालत नाही म्हणून आपण ज्यास मेलेला म्हणतो त्या सेलातही हा अनर्थ करण्याइतकी शक्ती शिल्लक असते.

अमेरिकेतील टेक्सास प्रांतात २०२० साली सुमारे दीड वर्षाच्या एका मुलीने रिमोटमधील असाच सेल गिळला व त्यातच तिचा अंत झाला. तिच्या आईच्या खटपटीने २०२२ साली त्या देशात कायदा झाला. अशा सेलाचे झाकण हत्याराशिवाय, किंवा एकाच वेळी दोन निरनिराळ्या हालचाली केल्याशिवाय, मुलांस उघडता येऊ नये, असे त्याने ठरविले. आपल्याकडे खेळण्यांसाठी सुरक्षिततेची मानके १ जानेवारी २०२१ पासून सक्तीची झाली. परंतु दाराचा रिमोट हे खेळणे नव्हे. ते आपण त्यास खेळणे करितो. रडणाऱ्या मुलाच्या हाती किल्ल्यांचा जुडगा देण्याची आपली जुनी रीत आहे, आणि आता त्याच जुडग्यात रिमोट अडकविलेला असतो. तो आपटला जातो, झाकण निघते, चकती बाहेर पडते. ही रीत प्रेमाची असली तरी मोडली पाहिजे. आजोबा-आजींनी तर विशेष लक्षात ठेवावे, कारण नातवंडांचा हट्ट त्यांच्याकडेच अधिक चालतो.

काही रिमोटांत चकतीऐवजी करंगळीहून लहान, बारा व्होल्टची नळकांडी असते. ती निरुपद्रवी वाटते, पण तिच्या पत्र्याच्या आत आठ लहान चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. जिज्ञासू मुलाने ती सोलली की एकाच्या आठ होतात. जुने सेल 'प्रयोगासाठी' मुलांस देणाऱ्या पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे.

मुलाने सेल गिळल्याचा नुसता संशय आला, तरी काय करावे हे आधीच ठरलेले असावे. लाळ गळणे, खोकला, अन्न नाकारणे ही लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये. ती कधी दिसतात, कधी दिसत नाहीत. ओकारी काढू नये. केळे, भात किंवा पाणी देऊन 'खाली जाईल' असा भरवसा धरू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जे वाहन मिळेल त्याने, जेथे क्ष-किरण व दुर्बिणीने सेल काढण्याची सोय आहे अशा रुग्णालयात तत्काळ न्यावे, आणि तोच रिमोट किंवा सेलाचे पाकीट बरोबर घ्यावे. एकच अपवाद वैद्यकशास्त्राने सांगितला आहे. मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळता येत असेल आणि बारा तास उलटलेले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन लहान चमचे मध, अधिकात अधिक सहा वेळा, द्यावा. त्यामुळे भाजणीचा वेग मंदावतो. पण मध शोधण्यात एक मिनिटही घालवू नये, आणि एक वर्षाखालील मुलास मध मुळीच देऊ नये. नाकात किंवा कानात सेल गेला तरी तितकीच घाई करावी व तेथे कोणतेही थेंब घालू नयेत.

सेल बदलण्याची वेळ रिमोट स्वतःच कळवितो. पूर्वी कोपऱ्यावरून उघडणारे दार अगदी जवळ गेल्यावर उघडू लागले किंवा रिमोटवरील लाल दिवा मंदावला की नवा सेल घालावा. सेल त्याच क्रमांकाचा घ्यावा, धन बाजू खुणेप्रमाणे बसवावी, झाकणाचा स्क्रू आवळावा. हे काम मुलांदेखत, जमिनीवर बसून करू नये. उंच टेबलावर करावे आणि जुना सेल हातावेगळा होईपर्यंत उठू नये. हे सेल पुन्हा भरता येत नाहीत, तेव्हा तसा प्रयत्न करू नये, व ते विस्तवात टाकू नयेत. नवे सेल नाण्यांच्या डब्यात किंवा औषधांच्या गोळ्यांजवळ ठेवू नयेत. पहिल्या ठिकाणी त्यांची टोके जोडली जातात, दुसऱ्या ठिकाणी चष्मा न लावलेल्या आजोबांकडून गोळी म्हणून ते गिळले जाण्याचा संभव असतो.

जुन्या सेलाच्या दोन्ही बाजूंस चिकटपट्टी लावून तो झाकणाच्या बरणीत, उंचावर ठेवावा. २०१६ सालच्या घनकचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्यांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली, आणि २०२२ सालच्या नियमांनी त्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. यास्तव बरणी भरली की ती ई-कचऱ्याच्या संकलनात द्यावी, ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नये. आपल्या दारी येणाऱ्या 'स्वच्छ' ह्या सहकारी संस्थेच्या कचरावेचक भगिनी आपला कचरा हातांनी निवडतात. आपल्या मुलापासून जी वस्तू आपण दूर ठेविली ती त्यांच्या हाती, किंवा कचऱ्याच्या ढिगात ठिणगी पाडण्यास, बेवारस सोडणे न्यायाचे नव्हे.

रिमोट हरवला तर तो किल्लीच हरवल्यासारखा समजावा. यंत्राच्या स्मृतीतून त्याची नोंद पुसून घ्यावी आणि बाकीचे नव्याने जोडून घ्यावेत. जुन्या रिमोटांची सांकेतिक खूण एकच व कायम असल्याने तिची नक्कल होऊ शकते. नव्यांची खूण प्रत्येक वेळी बदलते. नवे यंत्र घेताना एवढे विचारून घ्यावे. घर किंवा गाडी विकताना रिमोटचा हिशेब किल्ल्यांबरोबरच द्यावा.

शेवटी प्रश्न उरतो तो कर्तव्याचा. एकत्र कुटुंबात जे काम सर्वांचे, ते कोणाचेच नसते. सोसायटीत तर दार चालवितो रखवालदार, सेल आणतो चिटणीस आणि तक्रार करितात सर्व. रखवालदारास बटण हाती देताना सेन्सर म्हणजे काय व किल्ली कोठे आहे हे कोणी शिकवीत नाही. अपघात झाला म्हणजे मात्र पहिला प्रश्न त्यासच विचारला जातो. म्हणून प्रत्येक घराने व सोसायटीने आपला एक दौवारिक नेमावा. तो घरातील वडीलच असावा असे नाही. आठवी-नववीतील मुलगी किंवा मुलगा ही परीक्षा मोठ्यांच्या देखरेखीखाली उत्तम करू शकतो, आणि त्यात पदार्थविज्ञानाचा जो पाठ मिळतो तो पुस्तकात मिळत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी स्टॉपर, रोलर व सेन्सर पाहावेत. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी अर्थिंग, आरसीसीबी व पेटीची भोके पाहून घ्यावीत. खंडेनवमीस आपण हत्यारांची व वाहनांची पूजा करितोच. त्या दिवशी कारागीर बोलावून दाराची सांग तपासणी करावी व मग त्यास झेंडूचे तोरण बांधावे. काय पाहिले, काय बदलले व सेल कोणत्या तारखेस घातला, हे एका लहानशा वहीत लिहावे. वही किल्लीच्याच खुंटीवर टांगावी, म्हणजे एकीचा शोध घेताना दुसरीही दृष्टीस पडेल.

आमच्या वाचकभगिनींच्या प्रश्नास हे उत्तर पुरेसे वाटावे अशी आशा आहे. ह्या अंकाचे वाचन संपताच घरातील सर्व रिमोट एकत्र करून त्यांच्या झाकणांचे स्क्रू तेवढे आजच पाहून घ्यावेत. बाकीची कामे येत्या रविवारी केली तरी चालतील.